खासदारकीच्या उमेदवाराचा वचननामा कसा तपासावा? नाशिककरांसाठी मार्गदर्शक

लोकसभेच्या प्रचारात नाशिकमध्ये वाटली जाणारी पत्रकं एकावर एक ठेवून वाचली, तर चिन्ह आणि फोटो सोडून फारसा फरक सापडत नाही. नाशिक-पुणे रेल्वे, गोदावरीचं शुद्धीकरण, द्वारका चौकातली कोंडी, तरुणांना रोजगार, कांद्याला भाव. सगळ्यांच्या यादीत सगळंच असतं, त्यामुळे कोणाची यादी चांगली हे ठरवत बसण्यात अर्थ नाही. यादीतलं कोणतं काम खासदाराच्या हातात आहे आणि ते नेमकं कुठे अडलंय, हे तपासायचं. त्यासाठी एक वही, जमवलेली पत्रकं आणि दोन संध्याकाळी पुरतात. सोसायटीतल्या किंवा ज्येष्ठ नागरिक संघातल्या चार-पाच जणांनी मिळून केलं तर काम लवकर होतं आणि वादही बरे रंगतात.

आधी आपला मतदारसंघ बघा

हे फार प्राथमिक वाटेल, पण घोळ इथूनच सुरू होतो. नाशिक जिल्हा तीन लोकसभा मतदारसंघांत विभागलेला आहे. नाशिक मतदारसंघात नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली, सिन्नर आणि इगतपुरी हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. दिंडोरीत नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी. मालेगावचे दोन्ही आणि बागलाण थेट धुळ्याला जोडलेले.

म्हणजे 'नाशिकचं विमानतळ' ज्या ओझरला आहे, ते निफाड तालुक्यातलं गाव दिंडोरी मतदारसंघात मोडतं. लासलगावची कांदा बाजारपेठही तिकडेच. त्र्यंबकेश्वर मात्र इगतपुरीसोबत नाशिक मतदारसंघात. नाशिकचा उमेदवार विमानसेवेबद्दल बोलत असेल तर त्याला शेजारच्या खासदाराला सोबत घ्यावं लागेल. तसं ठरलं आहे का, हा वहीतला पहिला प्रश्न.

क्रियापदं वाचा

प्रत्येक आश्वासन स्वतंत्र ओळीवर उतरवा. 'सर्वांगीण', 'जागतिक दर्जाचं', 'अत्याधुनिक' ही विशेषणं उतरवून घेऊ नका. मग ओळीच्या शेवटचं क्रियापद अधोरेखित करा. 'मंजूर करून घेणार', 'निधी देणार', 'प्रश्न मांडणार' यांना काही अर्थ आहे, कारण ते झालं की नाही हे नंतर पडताळता येतं. 'पाठपुरावा करणार' म्हणजे पत्र लिहिणार. त्यालाही किंमत आहे, फक्त पत्र कोणाला आणि कोणत्या फाइलवर, हे विचारायचं. 'कटिबद्ध आहोत' आणि 'प्रयत्नशील राहू' या ओळी सरळ खोडा. बऱ्याच पत्रकांचं अर्धं वजन इथेच उतरतं.

तीन रकाने आखा

उरलेल्या ओळी तीन रकान्यांत वाटायच्या: केंद्राचं काम, केंद्राचा पैसा पण राज्याची किंवा महापालिकेची अंमलबजावणी, आणि निव्वळ राज्य-महापालिकेचं काम. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पहिल्या रकान्यात नाशिकच्या वाट्याला बरंच काही येतं. रेल्वे पूर्ण केंद्राची. नाशिकरोड स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतं आणि इगतपुरी मुंबई विभागात, त्यामुळे स्थानकावरच्या सोयींची मागणी चुकीच्या विभागाकडे गेली तर महिनोन्‌महिने टपालच फिरत राहतं. गाडीला नवा थांबा द्यायचा निर्णय मात्र रेल्वे बोर्डाचा. देवळाली कॅम्पमध्ये राहत असाल, तर तुमचे रस्ते आणि बांधकामाचे नियम कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, म्हणजे पर्यायाने संरक्षण मंत्रालयाकडे जातात. शहरात नगरसेवकाला विचारायचे प्रश्न तिथे खासदारालाही विचारता येतात. नाशिकरोडची नोटा छापणारी प्रेस केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या महामंडळाची. ओझरचा विमानतळ हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडे आहे. उमेदवार नवीन विमानं आणण्याचं बोलत असेल तर धावपट्टीची, टर्मिनलची गोष्ट वेगळी आणि कंपनीने त्या मार्गावर विमान चालवायचं ठरवणं वेगळं.

कांदाही याच रकान्यात, आणि सिन्नरच्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तरी टनामागे ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत काढून शुल्क २० टक्क्यांवर आणलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. यातला एकही निर्णय मुंबईत झालेला नाही. तेव्हा 'कांद्याला भाव मिळवून देऊ' या ओळीवर विचारायचं: पुन्हा बंदी आली तर संसदेत तुमची भूमिका काय असेल, आणि ती तुमच्या पक्षाच्या विरोधात जात असेल तर?

दुसरा रकाना फसवा असतो. घरकुल, जलजीवन, सांडपाणी प्रक्रिया यांसाठी दिल्लीतून पैसे येतात, पण निविदा काढणारं आणि पाइप टाकणारं खातं इथलंच. गोदावरीचंच घ्या. नदी शुद्धीकरणाचा निधी केंद्राकडून आणता येतो. नाल्यातून पात्रात शिरणारं मैलापाणी अडवणं आणि प्रक्रिया केंद्र रोज चालवणं हे महापालिकेचं. केंद्र उभारलं, पण वीजबिल आणि देखभाल यांची तरतूद नसेल, तर पात्रात पुन्हा फेस दिसणारच. या रकान्यात खासदाराचं खरं हत्यार आहे जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समिती, बोलीभाषेत 'दिशा'. तिचं अध्यक्षपद खासदाराकडे असतं, जिल्हाधिकारी सदस्य सचिव, आणि बैठक दर तीन महिन्यांनी अपेक्षित. पाच वर्षांत २० बैठका. आजवर किती झाल्या आणि त्यांची इतिवृत्तं कुठे आहेत, हे विचारलं की सभेतला आवाज जरा खाली येतो.

तिसऱ्या रकान्यात गटारी, पथदिवे, घंटागाड्या, शाळा, पोलीस, सातपूर-अंबडची एमआयडीसी. समृद्धी महामार्गसुद्धा इथेच, कारण तो राज्याच्या महामंडळाचा. सिन्नर-इगतपुरीतून जातो म्हणून तो काही खासदाराचा होत नाही. गंगापूर आणि दारणा धरण समूहातून जायकवाडीला पाणी सोडण्याचा वादही २००५ च्या राज्याच्या कायद्यावर आणि राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणावर उभा आहे. 'एक थेंब सोडू देणार नाही' ही घोषणा म्हणून ठीक. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर बराच काळ प्रशासक होता, तेव्हा लोकांना गटारीची तक्रारही खासदाराकडे न्यायची सवय लागली. सवय समजण्यासारखी आहे, पण लोकसभेत प्रश्न केंद्राच्या विषयावरच विचारता येतो.

द्वारका चौकासारखी कामं एका रकान्यात बसतच नाहीत. मुंबई-आग्रा आणि पुण्याकडे जाणारा रस्ता तिथे भेटतात. पूल किंवा भुयारी मार्गाचा निर्णय महामार्ग खात्याचा, सिग्नल वाहतूक पोलिसांचे, कडेची अतिक्रमणं महापालिकेची. अशा ओळीपुढे तिन्ही नावं लिहा आणि उमेदवाराला विचारा की यातलं पहिलं कोणतं हलवणार.

५ कोटींचा हिशेब मांडा

स्थानिक क्षेत्र विकास योजनेत खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. तो कामं फक्त सुचवतो. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. नाशिक मतदारसंघात सहा विधानसभा, म्हणजे समान वाटले तर प्रत्येकीला वर्षाला साधारण ८३ लाख. त्यातही किमान १५ टक्के (७५ लाख) अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के (साडेसदतीस लाख) अनुसूचित जमातींच्या वस्तीसाठी सुचवायचे असतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या पाड्यांवर काम करणाऱ्यांनी हा दुसरा आकडा पाठ करून ठेवावा.

या निधीतून टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभी राहते: वर्गखोली, अभ्यासिका, पाण्याची टाकी, रस्त्याचा तुकडा. पगार, वीजबिल, जमिनीची खरेदी आणि धार्मिक स्थळं यांसाठी तो चालत नाही. पत्रकात 'खासदार निधीतून मंदिराचा जीर्णोद्धार' दिसलं तर लिहिणाऱ्याने नियम वाचलेले नाहीत. आणि सहा उड्डाणपूल या निधीतून होणार असतील, तर गुणाकार करून दाखवायला सांगा.

माजी खासदाराचा हिशेब काढताना एक खबरदारी घ्या. करोनाकाळात योजना एप्रिल २०२० ते नोव्हेंबर २०२१ बंद होती, त्यामुळे २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत वाट्याला २५ ऐवजी १७ कोटीच होते. खर्च कमी दिसला म्हणून लगेच आळशी ठरवू नका.

मोठा प्रकल्प कितव्या पायरीवर आहे?

प्रकल्पाची शिडी अशी: पाहणी, सविस्तर प्रकल्प अहवाल म्हणजे डीपीआर, मंत्रिमंडळाची किंवा संबंधित खात्याची मंजुरी, प्रत्यक्ष निधी, भूसंपादन, निविदा, कार्यारंभ आदेश. उमेदवाराला एवढंच विचारा: आज कितवी पायरी, आणि पुढची का चढता येत नाहीये?

अर्थसंकल्पात नाव येणं म्हणजे काम सुरू होणं नव्हे, याचं उदाहरण नाशिकनेच दिलं. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. टायरवर धावणारी मेट्रो निओ येणार म्हणून शहरात फलक लागले. त्या जाहिरातींवरचे रंग उडाले तरी खांब काही उभे राहिले नाहीत.

नाशिक-पुणे रेल्वे वेगळ्या पायरीवर अडकली. सुमारे २३५ किलोमीटरचा मूळ मार्ग सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा होता आणि सिन्नर तालुक्यात काही जमिनींची खरेदीही झाली होती. नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे तिच्या निरीक्षणांत अडथळा येईल असा आक्षेप आला आणि शिर्डी-अहिल्यानगरमार्गे पर्याय पुढे आला. त्यामुळे 'रेल्वे आणणार का?' हा प्रश्न वाया घालवू नका. त्याला 'हो' शिवाय उत्तर मिळत नाही. कोणत्या मार्गाने, हे विचारा. सिन्नरच्या सभेत आणि शिर्डीच्या दिशेला झालेल्या सभेत उत्तर सारखंच येतं का, तेही पाहा.

सिंहस्थाच्या नावाखाली येणाऱ्या कामांना आणखी एक रकाना जोडा: काम पर्वण्यांच्या आधी संपणारं आहे की नंतरही वापरात राहणारं? २००३, २०१५, २०२७ असा बारा वर्षांचा फेरा आहे. घाईत झालेल्या डांबरीकरणाचं आयुष्य त्याहून बरंच कमी असतं.

संसदेतली हजेरी वाचताना

उमेदवार आधी खासदार असेल तर त्याची हजेरी, विचारलेले प्रश्न आणि भाषणं संसदेच्या संकेतस्थळावर नावानिशी मिळतात. नुसता आकडा पाहू नका. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. अतारांकितला लेखी उत्तर मिळतं, तोंडी उपप्रश्न नाही. प्रश्नांत नाशिकचं नाव किती वेळा आलं, ते शोधा. मंत्री झालेल्या खासदाराच्या नावापुढे प्रश्न शून्य दिसतात, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. या शून्यावरून समाजमाध्यमांवर दर निवडणुकीत नाहक रणकंदन होतं.

सभेत प्रश्न विचारताना

कोपरा सभेत माइक मिळाला तर अर्धं मिनिट मिळतं. प्रस्तावना, अभिनंदन आणि स्वतःचा परिचय यात ते संपतं. प्रश्न दोन वाक्यांत लिहून न्या. पहिल्या वाक्यात वस्तुस्थिती, दुसऱ्यात एकच विचारणा:

'मेट्रोला २०२१ मध्ये २,०९२ कोटी जाहीर झाले, काम सुरू नाही. तुम्ही तोच प्रस्ताव पुढे नेणार की बससेवा वाढवण्याच्या बाजूचे आहात?'

'की' घालून विचारलेल्या प्रश्नाला 'हो, नक्की करू' असं उत्तर देता येत नाही, म्हणून ही रचना उपयोगी. प्रश्नाच्या दोन प्रती न्या, एक कार्यकर्त्याच्या हाती द्या आणि दुसरीवर पोच घ्या. पाच प्रश्न एकदम विचारले तर उमेदवार सोपा निवडतो, म्हणून एका माणसाने एकच विचारावा आणि उरलेले शेजाऱ्यांत वाटून द्यावेत.

एक गोष्ट मात्र करू नका. 'आमची सोसायटी एकगठ्ठा मत देईल, आवारात पेव्हर ब्लॉक बसवा' हा सौदा विकासाची मागणी नसून लाच आहे, आणि ती देणारा व घेणारा दोघंही अडकतात. आचारसंहिता लागल्यावर खासदार निधीतली नवी कामंही मंजूर होत नाहीत, तेव्हा 'पुढच्या आठवड्यात जेसीबी पाठवतो' म्हणणारा कोणाच्या पैशाने पाठवतोय, हे विचारून घ्या. असे प्रकार दिसले तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटोसह तक्रार करता येते. १०० मिनिटांत निपटारा अपेक्षित आहे.

वही फेकू नका. मिळालेलं उत्तर, तारीख आणि जागा ओळीपुढे लिहा. निकालानंतर वर्षभराने जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन विभागाकडे १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज करा: खासदारांनी सुचवलेली कामं, मंजूर रक्कम, पूर्णत्वाचा टप्पा, विधानसभानिहाय. उत्तराला ३० दिवस. अर्जात 'का' विचारू नका, नोंदींच्या प्रती मागा. 'का' विचारलेले अर्ज 'ही माहिती नाही' म्हणून परत येतात.