लहान मुलांचे जुलाब: जिवाणूंचा संशय केव्हा घ्यावा आणि काय करावे

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास झाले, तर त्याला जुलाब म्हणतात. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मुळातच पातळसर असते, त्यामुळे नेहमीपेक्षा काय बदलले हे त्याची आईच अधिक नेमके सांगू शकते. लहान मुलांच्या जुलाबांमागे बहुतेक वेळा विषाणू असतात आणि त्यांवर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून औषधाकडे वळण्यापूर्वी लंगोट उजेडात नीट पाहावा.

शी थोडीथोडी, चिकट आव आणि रक्तमिश्रित असेल, मूल पोट आवळून कुंथत असेल आणि अंगात ताप असेल, तर पहिला संशय शिगेला या जिवाणूचा घ्यावा. कियोशी शिगा यांनी 1897 मध्ये शोधलेला हा जिवाणू अवघ्या दहा ते शंभर संख्येनेही आजार निर्माण करू शकतो. त्यामुळे एका मुलाची शी धुतलेल्या हातांना साबण लागला नाही, तर दुसरे मूल आजारी पडायला वेळ लागत नाही. कच्चे चिकन, न तापवलेले दूध किंवा अर्धवट शिजलेली अंडी यांतून कॅम्पायलोबॅक्टर व साल्मोनेला हे जिवाणू पोटात जातात. ई. कोलाय या जिवाणूचा विष सोडणारा एक प्रकार रक्ताविना पाण्यासारखे जुलाब घडवतो. तांदळाच्या धुवणासारखे, न थांबणारे जुलाब ही कॉलऱ्याची खूण असून त्यात काही तासांतच जिवावर बेतू शकते.

जिवाणू कोणताही असो, ओआरएस (जलसंजीवनी) लगेच सुरू करावे. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ते मिसळावे. कमी पाण्यात केलेले द्रावण अपायकारक ठरते. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर द्रावण चमच्याने द्यावे आणि उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा, पण अधिक सावकाश पाजावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचा आहार चालू ठेवावा. जुलाब बांधणारी गोळी मुलांना मुळीच देऊ नये.

शीत रक्त दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मूल सुस्त असेल, डोळे खोल गेले असतील, त्याला काही पिता येत नसेल किंवा पोटाच्या कातडीला काढलेला चिमटा सावकाश सपाट होत असेल, तर तडक रुग्णालय गाठावे. कल्चरसाठी (शीतील जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी) सांगितल्यास शीचा नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसापूर्वी, स्वच्छ डबीत, लघवी मिसळू न देता घ्यावा आणि आव किंवा रक्त असलेला भाग निवडावा.

घरात उरलेले प्रतिजैविक देण्याचा मोह टाळण्यामागे एक ठोस कारण आहे: ई. कोलायच्याच दुसऱ्या, शिगा नावाचे विष तयार करणाऱ्या प्रकारामुळे शीत रक्त येत असेल, तर काही प्रतिजैविकांनी मूत्रपिंडाला धोका वाढू शकतो. या आजारात जुलाब ओसरू लागल्यावरही, साधारण आठवड्याच्या सुमारास, काही वेळा मूल फिकट दिसू लागते आणि लघवी कमी होते. म्हणून रक्त पडलेल्या मुलाचे ओले लंगोट त्यानंतरही काही दिवस मोजत राहावेत.