लॉला जायचंय? आधी कोर्ट ठरवा, मग कॉलेज

"बारावीचा निकाल लागू दे, मग लॉचं बघू," असं घरात ठरलं असेल तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा विषय तिथेच संपला. त्यांची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे क्लॅट, २०२२ पासून डिसेंबरात होते. २०२४ साली ती १ डिसेंबरला झाली, २०२५ साली ७ डिसेंबरला. म्हणजे बारावीची प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी. फॉर्म त्याच्याही आधी, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान भरायचे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट आणि सिम्बायोसिसची स्लॅट याही डिसेंबरच्याच आसपास. तेव्हा पाच वर्षांचा कोर्स डोक्यात असेल तर निर्णयाची वेळ अकरावीची उन्हाळी सुट्टी ही आहे. त्या सुट्टीत क्लासची फी भरली पाहिजे असं मुळीच नाही; पण कुठल्या परीक्षा द्यायच्या आणि का, एवढं कागदावर आलेलं असावं.

महाराष्ट्राची स्वतःची परीक्षा, म्हणजे राज्य सीईटी कक्षाची लॉ सीईटी, उशिरा येते. पाच वर्षांची आणि तीन वर्षांची अशा दोन वेगळ्या परीक्षा, मार्च ते मेच्या दरम्यान. फॉर्म मात्र हिवाळ्यातच सुटतात. ही परीक्षा मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. क्लॅटचा स्वभाव उलटा: फक्त इंग्रजी, दोन तासांत १२० प्रश्न, सगळे उताऱ्यांवर आधारलेले आणि चुकीला पाव गुण वजा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना क्लॅट जमतच नाही हा समज खोटा आहे, पण रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय पान वाचायची सवय वर्षभर आधी लागली नसेल तर वेळ पुरत नाही, हे खरं. सीईटीसाठी इतकी आधीपासून तयारी लागत नाही. दोन्ही द्याव्यात, पण वर्षाचा आराखडा क्लॅटच्या तारखेभोवती आखावा.

आता पाच की तीन. ज्याला वकिलीच करायची आहे हे दहावी-अकरावीपासून पक्कं आहे त्याने पाच वर्षांचा कोर्स घ्यावा, एक वर्ष वाचतं. बाकीच्यांनी घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बीकॉमसोबत सीएस (कंपनी सेक्रेटरी) करणाऱ्याला किंवा बीएस्सी-इंजिनिअरिंग करून मग लॉकडे वळणाऱ्याला पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबी जास्त देऊन जातो. पेटंट एजंटची परीक्षा विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असल्याशिवाय देताच येत नाही. अशी पदवी आणि वर वकिलीची सनद (परवाना) असलेला माणूस त्या कामात कायम हवा असतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानेही आता तीन वर्षांचा कोर्स सुरू केला आहे, त्याची परीक्षा वेगळी. तेव्हा बारावीला क्लॅट हुकली म्हणजे सगळं गेलं, असं मानून घरात सुतक पाळायचं कारण नाही. पाच वर्षांच्या कोर्सला बारावीत आणि तीन वर्षांच्या कोर्सला पदवीत खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के लागतात. ४४.९ ला कुणी ४५ धरत नाही, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाकडे दुर्लक्ष नको.

मुक्त विद्यापीठातून शिकलेल्यांनी इथे जरा थांबावं. बारावी न करता पूर्वतयारीच्या वाटेने थेट पदवीला बसलेल्यांची पदवी बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिली आणि लॉच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, २००८ च्या नियमांनुसार लॉसाठी चालत नाही. दहावी, बारावी आणि मग मुक्त विद्यापीठाची पदवी असा क्रम असेल तर अडचण नाही. ही गोष्ट बऱ्याच जणांना सीईटी देऊन झाल्यावर, कागद तपासताना कळते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने नोकरदार माणसांना मोठा आधार दिलाय, पण या एका नियमापाशी अनेक जण अडकतात. नोकरदारांनी आणखी एक लक्षात घ्यावं: एलएलबी नियमित हजेरीचा कोर्स आहे, ७० टक्के हजेरीचा नियम आहे, आणि पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिलीची सनद वापरता येत नाही. खात्यात बढतीसाठी एलएलबी करायची असेल तर वेगळं. कोर्टात उभं राहायचं असेल तर नोकरी कधी सोडणार त्याचा हिशेब आधी मांडायला हवा.

न्यायाधीश व्हायचं म्हणून लॉ करणाऱ्यांनी तर वयाचा हिशेब वेगळाच मांडावा. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. पदवी घेतली, घरी बसून अभ्यास केला आणि जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) झालो, ही वाट त्या निकालाने मोडली. म्हणजे पाच वर्षांचा कोर्स अधिक तीन वर्षं, किंवा पदवी धरून सहा वर्षं अधिक तीन. जाहिरात निघेल तेव्हा अटी नव्याने वाचायच्याच, पण आज योजना आखताना ही तीन वर्षं धरूनच आखावी. आणि ती तीन वर्षं कुठल्या कोर्टात काढणार, इथून 'कुठे'चा प्रश्न सुरू होतो.

कॉलेज निवडताना बहुतेक जण नाव बघतात. मी म्हणेन, नकाशा घ्या आणि मुंबई उच्च न्यायालय कुठे कुठे बसतं ते बघा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात पणजीजवळचं पर्वरी, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. लॉच्या विद्यार्थ्याने दुपारी वर्ग सुटल्यावर कोर्टाच्या मागच्या बाकावर जाऊन बसणं, सुट्टीत एखाद्या सीनियरच्या ऑफिसात फायली लावणं, हे शिक्षण कुठल्याच माहितीपुस्तिकेत छापलेलं नसतं. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून चालू आहे, डॉ. आंबेडकर तिथे प्राचार्य होते. पण मला त्याचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं ते हे की चर्चगेटहून हायकोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर आहे. फीसुद्धा वर्षाला काही हजारांत. अर्थात जागा मोजक्या आणि सीईटीचे गुण प्रचंड लागतात. मुंबईत राहण्याचा खर्च फीच्या कैक पट, तोही धरावा.

पुण्याचं आयएलएस १९२४ चं. ग्रंथालय, मूट कोर्ट (सरावाचे खटले), वादविवाद, सोबतची मुलं, या सगळ्यात ते आणि पुण्यातली इतर चांगली कॉलेजं उजवी आहेत. पण पुण्यात हायकोर्टाचं खंडपीठ नाही. पुण्यात शिकून शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करायची असेल तर उत्तम. हायकोर्टाचं काम शिकायचं असेल तर मुंबईच्या गाड्या पकडाव्या लागतील. याउलट कोल्हापूर. शहाजी लॉ कॉलेज १९३३ पासून आहे, पण तिथल्या मुलांना हायकोर्ट बघायला इतकी वर्षं मुंबई गाठावी लागत होती. आता सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथेच चालतात. या जिल्ह्यांतल्या मुलांनी "पुणे-मुंबईच हवं" हा हट्ट पुन्हा तपासून बघावा. मोठ्या शहरांतले वकील तिकडे ऑफिसं मांडत असताना आपण तिथून उठून जायचं का, याचा विचार व्हावा. नागपूर आणि संभाजीनगर इथे तर खंडपीठ, जुनी विधी महाविद्यालयं आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठ अशा तिन्ही गोष्टी एकाच शहरात मिळतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या पालकांना ही सोय पुरेशी माहीत नसते, असं दिसतं.

गोव्यात शिकायचं तर तिथली प्रवेशाची वाट वेगळी, आपली सीईटी तिथे उपयोगाची नाही. मिरामारचं साळगावकर लॉ कॉलेज आणि मडगावचं कारे कॉलेज ही तिथली जुनी नावं. पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा तिथे आजही चालतो, आणि ज्याला गोव्यातल्या मालमत्तेच्या, वारसाहक्काच्या कामात पडायचं आहे त्याने तो तिथेच शिकावा.

मग राष्ट्रीय विधी विद्यापीठं कुणासाठी? कॉर्पोरेट फर्म, कंपन्यांचे विधी विभाग, सर्वोच्च न्यायालय, परदेशी उच्चशिक्षण, असं ज्याच्या मनात आहे त्याच्यासाठी. तिथली फी वर्षाला लाखांत जाते. इथे मी पालकांना एकच विचारीन. कर्ज काढून शिकलेला मुलगा पाच वर्षांनी तालुका कोर्टात वकिली करणार असेल, तर पहिली दोन-तीन वर्षं हप्ता कोण भरणार? ज्युनियरला सुरुवातीला जे मिळतं त्यात पेट्रोल सुटलं तरी नशीब, ही आपल्या बहुतेक जिल्ह्यांतली परिस्थिती आहे. फर्ममध्ये जाणाऱ्याला कर्ज झेपतं, कोर्टात जाणाऱ्याला सहसा झेपत नाही. तालुक्याला, जिल्ह्याला काम मराठीत चालतं. दावा, कैफियत, उलटतपास सगळं. ज्याचं मराठी घट्ट आहे त्याने ही जमेची बाजू समजावी. काही विद्यापीठांत पेपरही मराठीतून लिहिता येतात, ते प्रवेशाआधी विचारून घ्यावं.

आता कागद. अभ्यासाने सीट मिळते आणि दाखल्याने जाते, हे दर वर्षी घडतं. सगळ्यात आधी नाव: दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि फॉर्मवर तेच, त्याच क्रमाने. वडिलांचं नाव मध्ये की शेवटी, आडनावात 'व' की 'ओ', असल्या गोष्टींवरून पोर्टल अडतं. दुरुस्ती अकरावीतच करून घ्यावी. मग अधिवासाचा दाखला, तो 'आपले सरकार'वरून किंवा सेतूतून. राखीव प्रवर्गात असाल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणी लागते, आणि पडताळणी समितीचं काम जून-जुलैत तुंबलेलं असतं. अर्ज बारावीचं वर्ष सुरू होतानाच कॉलेजमार्फत टाका. नॉन-क्रिमिलेअर ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश ते वर्ष संपतानाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. आदल्या वर्षीचं घेऊन जाल तर खुल्या प्रवर्गात ढकलले जाल. शिवाय राज्याचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा, ईडब्ल्यूएसचंही तसंच. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा आपल्या राज्याचा प्रवर्ग आहे, केंद्राच्या यादीत तो नाही, त्यामुळे परराज्यातल्या विद्यापीठांत त्याचा आधार धरू नये. ओबीसीच्या जागाही काही राष्ट्रीय विधी विद्यापीठं फक्त आपल्या राज्यातल्या रहिवाशांना देतात, तेव्हा प्रत्येकाची माहितीपुस्तिका वेगळी वाचावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण मुलावर सोडू नका, आई-वडिलांनी एखादा रविवार बसून करावं. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्रही करून ठेवा.

पैशांची तरतूद दोन टप्प्यांत लागते. क्लॅटचा फॉर्मच खुल्या प्रवर्गाला ४,००० रुपयांचा, आणि निकाल लागल्यावर समुपदेशनासाठी काही हजार लगेच भरावे लागतात, तेही बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर. राज्याच्या प्रक्रियेत खर्च कमी, पण तिथे एक गोष्ट महत्त्वाची: शिष्यवृत्ती हवी असेल तर प्रवेश 'कॅप'मधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असो किंवा २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी लागू झालेली शंभर टक्के फी माफी असो, व्यवस्थापन कोट्यातून गेलात की त्यावर पाणी सोडावं लागतं. घराबाहेर राहून शिकणार असाल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करा. उत्पन्नाचा दाखला दोन्हीकडे लागतोच.

कॉलेज पक्कं करण्याआधी त्याला त्या वर्षासाठी बार कौन्सिलची मान्यता आहे का ते बघा. काही कॉलेजं मान्यता रखडल्यामुळे पहिल्या फेरीत यादीत नसतात आणि नंतर उगवतात. वर्ग खरोखर भरतात का, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये विचारलं की कळतं.

राहिला कॅपचा पसंतीक्रम. फेऱ्या पावसाळाभर, कधी दिवाळीच्या तोंडापर्यंत लांबतात, त्यामुळे घाबरून व्यवस्थापन कोट्यात पैसे भरून मोकळं होऊ नये. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत जागा बदलून मिळत नाही. म्हणून शेजारच्याने सांगितलेलं नाव पहिल्या क्रमांकावर टाकू नका. जिथे राहायची सोय झालीय, जिथून कोर्ट गाठता येतं आणि ज्याची फी घराला पेलते तेच वर ठेवा. यादी मात्र लांब भरा, दोन-चार नावांवर थांबू नका. आणि फॉर्म लॉक करण्याआधी त्याची प्रिंट काढून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी कॉलेजचे कोड मोठ्याने वाचून दाखवा. एकसारख्या नावाची कॉलेजं आपल्याकडे भरपूर आहेत.