टेक्सासमध्ये रानडुक्कर आणि कोयोटीची शिकार : नवख्याने सुरुवात कशी करावी

टेक्सासमध्ये रानडुकराच्या शिकारीला हंगाम नाही आणि संख्येची मर्यादाही नाही. खासगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, वर्षभर दिवसा-रात्री डुक्कर मारता येते. सप्टेंबर २०१९ पासून त्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातल्या कोयोटीसाठी मात्र परवाना लागतो. जनावरांवर किंवा कोंबड्यांवर हल्ला करणारा, करण्याच्या बेतातला किंवा नुकताच करून गेलेला कोयोटी एवढाच त्याला अपवाद.

तरीही परवाना काढाच. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर तिथे राहणाऱ्यांसाठी तर तो अत्यावश्यक आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरील माणसाला बंदूक काय, एक काडतूसही जवळ ठेवता येत नाही. वैध शिकार परवाना असणे हा त्यातला मुख्य अपवाद. मित्राची रायफल रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) हातात घेण्याआधीही परवाना खिशात हवा. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा, बंदुकीच्या दुकानदाराला नको.

२ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यावर शिकार करताना शिकार-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. सतरा किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीला हा अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतो. जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या आणि कुंपणाची हद्द नकाशावर खूण करून घ्या. आणि यातले काहीही महाराष्ट्रात लागू नाही. आपल्याकडे रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पिकाची नासाडी झाली तरी वन विभागाच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही.

रायफल आणि नेम

दोन्ही प्राण्यांना एकच रायफल घ्यायची असेल तर .२४३ किंवा ६.५ क्रीडमूर (ही काडतुसांची मापे) पुरते. कोयोटीला .२२३ भरपूर झाली. डुकरालाही ती चालते, पण गोळी शिकारीची, म्हणजे शरीरात शिरल्यावर फुलणारी हवी आणि नेम चोख. पूर्ण धातूचे आवरण असलेली स्वस्त गोळी टाळा. ती न फुलता आरपार जाते, जखमी डुक्कर झुडपात शिरते आणि मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या जनावरालाही गोळी लागू शकते.

रायफल १०० यार्डांवर (सुमारे ९१ मीटर) शून्यावर आणा, म्हणजे नेम धराल तिथेच गोळी लागेल अशी तिची दुर्बीण जुळवा. टेबलावरच्या टेकूवरून तीन गोळ्या झाडा आणि तिन्ही भोकांचा मध्य काढा. बहुतेक दुर्बिणींच्या फिरकीची एक खटकी या अंतरावर नेम पाव इंच सरकवते. मध्य दोन इंच डावीकडे असेल तर उजवीकडे आठ खटक्या. एका गोळीवर निर्णय घेऊन खटक्या फिरवत बसणे ही नवख्यांची नेहमीची चूक. त्यात काडतुसांचा डबा संपतो आणि नेम होता तिथेच राहतो. त्यानंतर टेबल सोडा. बसून, काठीच्या टेकूवर सराव करा, कारण रानात टेबल नसते.

डुक्कर

आधी ओळख पक्की करा. दक्षिण आणि पश्चिम टेक्सासमध्ये हॅवेलीना हा डुकरासारखा दिसणारा संरक्षित प्राणी आहे. त्याच्या शिकारीला वेगळा हंगाम आणि मर्यादा आहे. त्याच्या गळ्याभोवती फिकट पट्टा असतो, शेपूट जवळजवळ दिसत नाही आणि अंगाने तो लहान असतो. रात्री थर्मल (अंगाची उष्णता दाखवणाऱ्या) दुर्बिणीतून वासरू, कुत्रा आणि डुक्कर सारखेच पांढरे ठिपके दिसतात. आकार आणि चाल ओळखू येईपर्यंत बोट चापापासून दूर ठेवा.

उकरलेली जमीन, चिखलातल्या लोळणी आणि अंग घासून चिखल माखलेली झाडे शोधा. खासगी जमिनीवर आमिष चालते. वीस लिटरच्या बादलीत दोन तृतीयांश मका भरा, वर दोन इंच पाणी राहू द्या, मूठभर साखर आणि यीस्टचे एक पाकीट टाका. उन्हात चार ते सात दिवसांत तो आंबतो. झाकण सैल ठेवा, नाहीतर वायूने बादली फुटते. खांबासाठी खणतात तसा दोन-तीन फूट खोल खड्डा करून त्यात मका ओता. डुकरे तो उकरत बराच वेळ रेंगाळतात, आणि आंबलेल्या वासाकडे हरणे सहसा फिरकत नाहीत.

डुकराची नजर अधू, पण नाक जबरदस्त. बसण्याची जागा वारा पाहूनच ठरवा: वारा आमिषाकडून तुमच्या तोंडावर आला पाहिजे. टाल्कम पावडरची छोटी बाटली दाबून उडालेली पूड पाहा. संध्याकाळी वारा फिरतो, म्हणून दर अर्ध्या तासाने पुन्हा तपासा. वारा पाठीमागून येऊ लागला तर जागा बदला किंवा सरळ घरी जा. एकदा माणसाचा वास लागला की कळप कित्येक दिवस तिथे येत नाही.

हरणाच्या सवयीने खांद्यामागे मधोमध नेम धरला की डुक्कर हातचे जाते, कारण त्याचे हृदय आणि फुप्फुसे पुढे आणि खाली असतात. ते कूस तुमच्याकडे करून उभे असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा आणि अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात नेम धरा. मोठ्या नराच्या खांद्यावर कूर्चेसारखी जाड ढाल असते. हलकी गोळी तिथे अडकते. पडलेल्या डुकराकडे पाठीच्या बाजूने जा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर ते जिवंत आहे.

फाडताना रबरी हातमोजे घालाच. रानडुकरांच्या रक्तातून ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार माणसाला होतो. आतडी-काळीज कुत्र्याला कच्चे घालू नका. डुकरांतला स्यूडोरेबीज हा विषाणूचा रोग कुत्र्याला जिवे मारतो. मांस लगेच बर्फात ठेवा आणि आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापेल असे शिजवा. मध्यम मादीचे मांस चांगले लागते, म्हाताऱ्या नराला उग्र वास येतो.

जमीनमालकाला स्पष्ट सांगा की एकदोन डुकरे मारून शेतीचे नुकसान थांबत नाही. उरलेला कळप पांगतो आणि शहाणा होतो. कळप संपवायचा असेल तर अख्खा कळप मावेल असा मोठा पिंजराच लागतो.

कोयोटी

इथे प्राण्यालाच तुमच्याकडे बोलवायचे असते. सशाच्या केविलवाण्या ओरडण्याचा आवाज काढणारी शिट्टी स्वस्त मिळते. गाडी दूर लावा, दार आपटू नका, सूर्य पाठीशी घ्या. कोयोटी जवळजवळ नेहमी वळसा घालून, तुमच्याकडून वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूने वास घ्यायला येतो, म्हणून तीच बाजू मोकळी आणि नजरेखाली ठेवा. बहुतेक नवखे नेमके तिकडे झुडूप असलेली जागा निवडतात.

पहिली दोन मिनिटे हळू वाजवा, कारण कोयोटी शंभर पावलांवरच असू शकतो. मग मोठ्याने, मध्ये थांबत, एकूण पंधरा-वीस मिनिटे. काही आले नाही तर मैलभर पुढे सरका. धावत येणाऱ्यावर गोळी झाडू नका. तोंडाने एकच ‘वुफ’ करा, तो क्षणभर थबकतो.

एक पडला तरी उठू नका. पुन्हा काडतूस भरा आणि पिल्लाच्या केकाटण्याचा आवाज तीन-चार मिनिटे चालू ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत, जोड्या जमतात तेव्हा, दुसरा बरेचदा त्याच वाटेने येतो.