उभ्या टँकसाठी मासे निवडताना या चुका टाळा

दीड फूट लांब, एक फूट रुंद, दोन फूट उंच. फ्लॅटमधल्या चिंचोळ्या कोपऱ्यात हा टँक नेमका बसतो, म्हणून बरेच जण पहिला टँक असाच घेतात. हिशेबाने त्यात ८५ लिटर पाणी मावतं. तळाची खडी आणि वरची दोन इंच मोकळी जागा वजा केली, तर सुमारे ७० लिटर उरतं. गोंधळ सुरू होतो तो या ७० लिटरवर माशांची संख्या ठरवली की.

हाच टँक आडवा केला, म्हणजे दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक फूट उंच, तरी पाणी तेवढंच राहतं. पण हवेला लागणारा पृष्ठभाग उभ्या टँकमध्ये दीड चौरस फूट असतो आणि आडव्यात तीन. ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो मुख्यतः याच पृष्ठभागातून. त्यामुळे उभ्या टँकमध्ये तेवढ्याच लिटरला कमी मासे ठेवायचे.

‘वर, मध्ये, खाली’ असे तीन मजले भरणं

वरच्या थरासाठी गप्पी, मधल्यासाठी टेट्रा, तळाला कॉरी आणि काच साफ करायला सकर, असा संच दुकानात हमखास सुचवला जातो. मजले तीन दिसले तरी हवा एकाच गच्चीतून येते, आणि तिन्ही मजल्यांची घाण एकाच तळावर जमते. उंची वाढली म्हणून तळ मोठा होत नाही. या टँकमध्ये एक मुख्य मासा किंवा छोट्या जातीचे दोन-तीन आणि सोबत लहान माशांचा एकच थवा पुरे.

सकर तर अजिबात नको. दोन इंचांचा दिसतो, पण तो फूटभर वाढतो आणि घाण साफ करण्यापेक्षा जास्त करतो. शेवाळ खायला दोन-तीन नेराइट गोगलगायी ठेवा.

चपळ माशांना लांबी न देणं

झेब्रा डॅनिओ स्वस्त आणि काटक आहे, नवशिक्यांसाठी उत्तमच. पण तो आडवा धावतो. दीड फुटात वेग घेईपर्यंत समोर काच येते, मग तो चिडचिडा होतो आणि एकमेकांच्या मागे लागतो. टायगर बार्ब, रोझी बार्ब यांचंही तेच. त्यांना किमान अडीच-तीन फूट लांबी हवी. सिल्व्हर शार्क फूटभर वाढतो, त्याचा इथे विचारच नको. गोल्डफिशही नको: घाण जास्त, ऑक्सिजनची गरज जास्त.

एंजल: मासा बरोबर, संख्या चूक

उंची ज्याच्या खरोखर कामी येते असा हा मासा. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तो संथ पाण्यात, उभी मुळं आणि पानांच्या दाटीत राहतो. चपटं अंग त्यासाठीच. पूर्ण वाढीचा एंजल वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत आठ इंच किंवा जास्तही भरतो, त्यामुळे फूटभर उंचीच्या टँकमध्ये त्याची अडचण होते.

दुकानात मात्र तो रुपयाच्या नाण्याएवढा असतो, आणि चार-पाच सहज घेतले जातात. वर्षभरात त्यातले दोन जोडी जमवतात आणि दीड फुटाचा सगळा तळ आपला मानतात. बाकीचे कोपऱ्यात वरच्या बाजूला दबून राहतात, पर फाटलेले, खाणं सुटलेलं. औषध टाकून हे सुटत नाही, जागाच नाही. या मापाच्या टँकमध्ये एकच एंजल ठेवा.

सोबत निऑन टेट्रा नको, कारण मोठा एंजल त्यांना गिळतो. टायगर बार्बही नको, ते त्याचे लांब पर कुरतडतात. सहा चेरी बार्ब चालतात: शांत, दोन इंचांचे, २६ अंशांत दोघंही खूश.

फायटर आणि गुरामी

हे मासे पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, म्हणून त्यांना उंच टँकची काही अडचण नाही असं समजलं जातं. पण लांब पिसाऱ्याचा हाफमून फायटर दोन फूट वर-खाली करून दमतो. त्याला विसावायला पृष्ठभागाखाली तीन-चार इंचांवर रुंद पान हवं. उभ्या लाकडाला बांधलेलं अनुबियस हे पाण्यातलं झाड सगळ्यात सोपं.

नवशिक्यांसाठी आमची पसंती हनी गुरामीला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला हा मासा दोन इंचांचाच, संथ आणि भांडण न करणारा. एक नर, दोन माद्या आणि आठ एंबर टेट्रा, एवढ्यात टँक भरलेला दिसतो. ड्वार्फ गुरामी रंगाने सरस, पण त्यांच्यात इलाज नसलेला एक विषाणू आढळतो, तेव्हा पहिल्या टँकला टाळा.

बोअरचं जड पाणी असेल तर आठ नर गप्पी हा पर्याय जास्त बरा. माद्या घेतल्यात तर साधारण दर महिन्याला पिल्लं होतील.

मासे वर येऊन तोंड मारत असतील तर

फायटर किंवा गुरामी अधूनमधून वर येऊन घोट घेतात, ते स्वाभाविक आहे. कॉरीही झपकन वर येऊन परत जातो. बाकीचे मासे पहाटे वर जमत असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय. दिवसभर वर असतील, कल्ले लालसर दिसत असतील आणि टँक नवा असेल, तर अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष) तपासा. तो शून्यच हवा. ०.२५ पीपीएम (दहा लाख भागांत पाव भाग) दिसला तरी क्लोरीन काढलेल्या पाण्याने ३० टक्के पाणी बदला आणि एक दिवस खाणं बंद ठेवा.

ऑक्सिजनच्या तक्रारीत दोष बहुतेकदा पंपाचा असतो. स्वस्त छोट्या एअर पंपाला दोन फूट पाण्याचा दाब पेलत नाही, तळातल्या एअर स्टोनमधून (नळीच्या टोकाचा सच्छिद्र दगड) चार बुडबुडे येतात. दमदार पंप घ्या, तोवर स्टोन फूटभर वर उचला. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेली की पाणी उलटं पंपात येतं. फिल्टरचं तोंड पृष्ठभागालगत ठेवा, पाणी वर हललं पाहिजे. शोषणारा पाइप मात्र तळापासून तीन-चार इंचांपर्यंत वाढवा. नुसता टांगता फिल्टर वरचंच पाणी फिरवतो आणि खालचं शिळं राहतं.

मे महिन्यात पाणी ३२ अंशांवर गेलं की त्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, आणि वीजही तेव्हाच जाते. बॅटरीवर चालणारा एअर पंप उन्हाळ्याआधी घेऊन ठेवा.

सगळे मासे एकाच दिवशी आणणं

अमोनियाचं आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला वापरता स्पंज मिळाला तर हे लवकर होतं. एंजलचा टँक असेल तर आधी तीन चेरी बार्ब, दोन आठवड्यांनी अमोनिया आणि नायट्राइट शून्य असतील तर उरलेले तीन. एंजल सगळ्यात शेवटी, म्हणजे आधी येऊन तो जागा बळकावून बसत नाही.