ओटीपी अप्पांच्या फोनवर: विद्यापीठातल्या पहिल्या दिवसाची तयारी

आमच्या विभागात नव्या मुलांचं स्वागत असतं त्या सकाळी दारातल्या टेबलावर मी बसलेली असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमएला आले तेव्हा मी टेबलाच्या पलीकडे उभी होते. आता पीएचडी करतेय म्हणून अलीकडे आले, एवढाच फरक. यादीत नाव शोधायचं, टिक करायची, फॉर्म हातात द्यायचा. फॉर्म घेतला की समोरचं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, पेन आहे का?" दहा पेनांचं पाकीट घेऊन बसते. दुपारी त्यातली दोन उरतात, एक बिनटोपणाचं.

ओरिएंटेशन म्हणा, इंडक्शन म्हणा. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१९ साली त्याला 'दीक्षारंभ' असं भारदस्त नाव दिलंय. भाषणं ऐकायला काही तयारी लागत नाही, बसलं की झालं. पण त्या दिवशी विभागप्रमुख, शिकवणारे सर-मॅडम, कार्यालयातले लोक, वरच्या वर्गातली मुलं अशी सगळी माणसं एका छताखाली असतात आणि बोलायच्या तयारीत असतात. नेमक्या त्याच वेळी निम्मी मुलं झेरॉक्सच्या रांगेत उभी असतात, नाहीतर फोन कानाला लावून व्हरांड्यात. म्हणून कागदांचं काम घरूनच उरकून या. त्या दिवशी हात आणि डोकं दोन्ही मोकळं पाहिजे.

सुरुवात फोनपासून करा. मी जिंतूर तालुक्यातली. आधार काढलं तेव्हा घरात एकच फोन, म्हणून माझ्या आधारला अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, नंबर. पुण्यात आल्यावर डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं फोनवर ठेवायचं सरकारी ॲप, उघडायला बसले, ओटीपी गेला गावाकडं. अप्पा सोयाबीनमध्ये, फोन घरी खुंटीला पिशवीत. आईनं उचलला, पण तिला मेसेज उघडता येईना. तिनं शेजारच्या पोराला हाक मारली. ते जेवत होतं. हात धुऊन आलं आणि मोठ्या आत्मविश्वासानं सहा आकडे वाचून दाखवले. ते बँकेच्या जुन्या मेसेजमधले निघाले. तोवर खरा ओटीपी बाद. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी अप्पांनाच सांगितलं, उद्या फोन घेऊन शेतात जा. तर शेतात रेंज नाही.

तेव्हा गाव सोडण्याआधी आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या. आधार केंद्रावर जाऊन बोट टेकवलं की हे काम होतं, पण नंबर लागू व्हायला थोडे दिवस जाऊ शकतात. निघायच्या आदल्या दिवशी गेलात तर उपयोग नाही. नंबर आला की डिजिलॉकर उघडा आणि तिथूनच एबीसी आयडी काढा. एबीसी म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. बारा आकडी क्रमांक मिळतो आणि पास झालेल्या विषयांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, त्यात जमा होतात. पदवीच्या वेळी काढला असेल तर तोच चालवायचा, दुसरा काढायच्या भानगडीत पडू नका. क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. फोन बंद पडला की स्क्रीनशॉटही त्याच्याबरोबर झोपतो.

फोननंतर बँक. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती आधार ज्या खात्याशी जोडलेलं आहे त्यात जाते, तुम्ही ज्याचं पासबुक दाखवता त्यात नाही. बऱ्याच जणांचं शाळेत असताना झिरो बॅलन्सचं खातं काढलेलं असतं, ते पुढं कुणी उघडूनही बघत नाही, आणि आधार मात्र अजून त्यालाच चिकटलेलं. मग मूल वर्षभर म्हणत राहतं की पैसे आलेच नाहीत. बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारा, "माझं आधार एनपीसीआयला कुठल्या खात्याशी सीड आहे?" एनपीसीआय म्हणजे बँकांमधले पैसे फिरवणारी संस्था, सीड म्हणजे जोडलेलं. हे शब्द असेच म्हणा. नुसतं "आधार लिंक आहे का" विचारलं तर "आहे" म्हणतील. तेही खोटं नसतं. आधार केवायसीपुरतं जोडलेलं असणं वेगळं आणि पैसे येण्यासाठी जोडलेलं असणं वेगळं.

आता फाईल. बाजारात झिपची, कप्प्यांची, रंगीत अशी बरीच मिळते, पण पारदर्शक प्लास्टिकचे खिसे असलेली साधी फाईल सगळ्यात बरी. एका खिशात एकच प्रकारचा कागद: पुढं मूळ प्रत, मागं तिच्या झेरॉक्स. दहावी, बारावी, पदवीची सगळी सत्रं, टीसी, आधार, प्रवेशाची पावती, आणि लागू असेल तो जातीचा, उत्पन्नाचा, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला. शेवटच्या दोन्हींवरची मुदत नीट वाचा. ती बहुधा ३१ मार्चला संपते, आणि जुलैत गेल्या वर्षीचा दाखला घेऊन उभं राहिलेलं कुणी ना कुणी दरवर्षी असतंच. सेतूवर मे महिन्यातच अर्ज टाकला तर दाखला वेळेवर हातात पडतो. शिक्षणात मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, तेही गावाकडंच करून आणा. तिथं ओळखीचं माणूस असतं.

दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन, म्हणजे आधीचं विद्यापीठ सोडल्याचं प्रमाणपत्र, लागतं. मी परभणी जिल्ह्यातली, म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची. लातूर, हिंगोलीवाल्यांचंही तेच. मायग्रेशनचा अर्ज पदवीचा निकाल लागला त्याच आठवड्यात टाका, प्रवेश नक्की व्हायची वाट बघत बसू नका.

टीसीबद्दल एक गोष्ट, चूक माझीच. प्रवेशाच्या वेळी मूळ टीसी मागितली, मी दिली. झेरॉक्स काढली नव्हती, म्हटलं आपलीच आहे, जाते कुठं. दोन महिन्यांनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना टीसीची प्रत लागली, आणि ती जमा झालेल्या कागदांच्या गठ्ठ्यात कुठंतरी तळाला. एका कागदाच्या फोटोसाठी मी चार दिवस कार्यालयाच्या दारात उभी राहिले. जो कागद हातातून जाणार आहे त्याचा फोटो, स्कॅन आणि निदान तीन झेरॉक्स, मगच तो द्यायचा. गुणपत्रकं लॅमिनेट करून आणू नका. आमच्याकडं कौतुकानं करतात, पण प्लास्टिकवर शिक्का उमटत नाही आणि कागद पारखून बघणाऱ्याला संशय येतो.

नावाचा घोळही घरीच सोडवा. गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, तेवढं सहसा चालून जातं. पण एकीकडं वडिलांचं नाव 'बाबुराव' आणि दुसरीकडं 'बाबाराव' असेल तर पुढं प्रत्येक खिडकीवर तुम्हाला थांबवतील.

रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरायचं असतं, तुमचं आणि पालकांचं. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार ते दरवर्षी भरावं लागतं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. ईमेलवर क्रमांक येतो तो छापून फाईलला लावा. हेल्पलाईनचा नंबर १८००-१८०-५५२२, फोनमध्ये साठवून ठेवा. लागू नये, पण असावा.

पुण्यात यायचं ते एक दिवस आधी. नातेवाइकांनी सांगितलेल्या खुणांवर मात्र विसंबू नका, त्या दहा वर्षांपूर्वीच्या असतात. "शिवाजीनगर स्टँडला उतर" म्हणतील. तो स्टँड २०१९ च्या अखेरीला मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलवला, आपल्याकडच्या गाड्या तिथं लागतात. "विद्यापीठाच्या पुलाखाली थांब" म्हणतील. तो पूल २०२० साली पाडला. वाकडेवाडीपासून विद्यापीठ तीन-चार किलोमीटर आहे. रात्रीची गाडी पहाटे पोचते, तेव्हा उजाडेपर्यंत स्टँडवरच चहा घेत बसा आणि मग निघा.

गेटात शिरलात म्हणजे विभागात पोचलात असं नाही. आवार ४११ एकरांचं आहे, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला सगळी वडाची झाडं सारखीच दिसतात. आदल्या संध्याकाळी गेटापासून विभागापर्यंत एकदा चालून या, किती मिनिटं लागतात ते बघा. परतताना मुख्य इमारतीकडं जा. इंग्रजांच्या काळात तिथं गव्हर्नर राहायचा. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या साठीची मेजवानी आटोपून रँड इथूनच निघाला होता, आणि गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी त्याला गाठलं. शाळेत धडा पाठ केला होता, पण आपण रिक्षानं आलो तो हाच रस्ता, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

वसतिगृह पहिल्या दिवसापासून मिळेलच असं धरून येऊ नका. जागा मोजक्या, यादी गुणवत्तेनं लागते. निदान महिनाभराची सोय बाहेर लावून ठेवा. इथं खोली 'कॉट बेसिस'वर मिळते, म्हणजे भाडं खोलीचं नाही, एका खाटेचं. औंध, खडकी, शिवाजीनगर या बाजूंना बघा. डिपॉझिट परत कधी आणि किती कापून देणार, ते देण्याआधी विचारा, आणि पावती नसेल तर निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. एक गोष्ट कुणी सांगत नाही: कपडे कुठं वाळतात ते बघा. पुण्याच्या पावसात खिडकी नसलेल्या खोलीत जीन्स चार दिवस ओली राहते. पहिल्या दिवशी मी दमट कुबट वासाच्या ओढणीनं सभागृहात बसले होते आणि शेजारची मुलगी सारखी खिडकीकडं बघत होती.

प्रत्यक्ष दिवशी काय घालायचं हे मला सगळ्यात जास्त विचारतात. धुतलेलं आणि चालायला सोयीचं. नव्या चपला नकोत, दुपारी विभाग दाखवायला फिरवतात. छत्री, पाण्याची बाटली, चार पासपोर्ट फोटो, पेन. दोन पेन.

बसायचं मधल्या रांगेत, आणि गावाकडच्या ओळखीच्या पोरीला चिकटून नाही. तिची ओळख आहेच. स्वागताच्या भाषणात डोळा लागला तरी हरकत नाही, पण अभ्यासक्रमाची रचना सांगायला कुणी उभं राहिलं की वही उघडा. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांचं एमए ८८ क्रेडिटचं आहे, त्यात संशोधन पद्धती आहे, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आहे, एका वर्षानं पदविका घेऊन बाहेर पडायची वाट आहे. ऐच्छिक विषय कधीपर्यंत निवडायचा, निवडल्यावर बदलता येतो का, अंतर्गत परीक्षा किती गुणांची आणि ती चुकली तर पुन्हा होते का, पेपर मराठीत लिहिता येतो का, हे चार प्रश्न घरूनच लिहून आणा. शेवटचा प्रश्न विचारायला मी तीन महिने लाजले. उत्तर 'हो' होतं. तोवर मी रात्री डिक्शनरी घेऊन नोट्स इंग्रजीत उतरवत बसायचे.

इंग्रजीत ओळख करून द्यायची वेळ आली तर दोन वाक्यं पाठ करून आणा आणि तिसरं मराठीत बोला. कुणी हसत नाही. हसलंच तर तेही सांगली-बीडकडून कालच आलेलं असतं.

चहाच्या वेळी कार्यालयातल्या दोन माणसांची नावं विचारून घ्या. "अहो सर" म्हणून हाक मारणारे दिवसाला शंभर येतात, आडनावानं हाक मारणाऱ्याचा फॉर्म त्यांच्या लक्षात राहतो. वरच्या वर्गातल्या एकाचा नंबर घ्या, मेस कुठली बरी ते त्यालाच ठाऊक असतं. पैशाची ओढाताण असेल तर 'कमवा व शिका'ची चौकशी त्याच दिवशी करा, संकोच नको. माझ्या वर्गातली चार-पाच जणं त्यात होती. जयकर ग्रंथालयाचं कार्ड त्याच आठवड्यात काढा, परीक्षा जवळ आली की सगळ्यांना ते एकदमच आठवतं.

पालक बरोबर आले तर परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका. अप्पांनी काढलं होतं. दुपारी तीनपासून ते घड्याळ बघत होते, मी फॉर्म बघत होते, जेवण कुणाचंच झालं नव्हतं. शेवटी वाकडेवाडीला गाडीच्या पायरीवरून त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि त्यांचं स्वतःचं पेन. मग खाली वाकून म्हणाले, "तो ओटीपी का काय, तो अजून येणार आहे का?"