नांगरलेल्या उघड्या रानात फळझाडं आणि पिकं एकत्र: दहा गुंठ्यांपासून सुरुवात

रान नांगरून, रोटाव्हेटर मारून मोकळं ठेवलं की वळवाचे थेंब थेट मातीवर आदळतात. वरचा थर पापुद्र्यासारखा बसतो आणि पुढचं पाणी मुरायचं सोडून माती घेऊन ओढ्याला लागतं. त्यामुळे फळझाडांच्या खड्ड्यांआधी जमीन झाकायची सोय करा. खालचा हिशेब कोरडवाहू, मध्यम जमिनीतल्या दहा गुंठ्यांचा आहे, म्हणजे साधारण १०० बाय १०९ फुटांचा.

पहिलं काम हराळीचं, म्हणजे जमिनीखालून पसरणाऱ्या चिवट गवताचं. रोटाव्हेटर तिचे तुकडे करतो आणि प्रत्येक डोळा नव्याने फुटतो. मे महिन्यात तिच्या काशा (जमिनीतल्या गाठीदार काड्या) वेचून उन्हात कडक वाळवा. हे टाळलं तर पुढे आच्छादनाखालची ओल आधी हराळीच खाते.

ओळी उताराला आडव्या हव्यात. त्या आखायला सात-सात फुटांचे दोन बांबू टोकाला बांधा, मध्ये आडवी काठी द्या, वरून दोरीला दगड लटकवा. बांबूचे पाय टेकतात तिथे दोन खुंट्या ठोका, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा ठेवा. आडव्या काठीवर दोरीच्या दोन खुणा मिळतील. दोरी त्यांच्या बरोबर मधोमध आली की दोन्ही पाय एका पातळीत. रान सपाट असेल तर ओळी दक्षिणोत्तर धरा, म्हणजे सावली दिवसभर सरकत राहते.

१५ फुटांवर एक अशा सात ओळी बसतात. एकाआड एक ओळीत २० फुटांवर आंबा, उरलेल्या तीन ओळींत १० फुटांवर सीताफळ आणि शेवगा आलटून पालटून. ओळीतल्या झाडांमधल्या जागेत दर तीन फुटांवर गिरिपुष्प (छाटून पाला आच्छादनाला वापरायचं झाड), एकूण दोनशेच्या आसपास. गिरिपुष्प छाटकलमाने लागतं, पण बियाण्याचं झाड खोल मूळ धरतं, कोरडवाहूला तेच बरं. बी रात्रभर भिजवून लावा. आंब्याची ताजी रायवळ कोय जागेवरच पुरा आणि वर्षभराने त्यावर कलम करा. पिशवीत वेटोळं झालेलं मूळ दुष्काळात दगा देतं. कोय महिनाभर घरात पडली तर उगवण घटते. ओळीच्या दोन्ही बाजूंना दीड फुटावर तूर पेरा. पहिल्या उन्हाळ्यापर्यंत तिचा आडोसा मिळतो, मग तुरकाठ्या तिथेच आडव्या पाडा.

ओळींमधल्या पट्ट्यांत जमीन झाकायला ताग. मृगाचा चांगला पाऊस होऊन वापसा (चिखल न होता पेरता येईल इतकी ओल) आला की दहा गुंठ्यांना पाच-सहा किलो बी फेका. दाट वाटेल, वाटू द्या. विरळ तागात तण घुसतं. साधारण ४५ दिवसांनी फुलं दिसायला लागली की कापून जागेवरच पसरा. उशीर केला तर काड्या चिवट होऊन लवकर कुजत नाहीत. त्यावर ऑक्टोबरात हरभरा टोकता येतो. वाळकं काड मात्र मातीत गाडू नका. ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं. पृष्ठभागावर ठेवलं तर हा त्रास फारसा होत नाही.

आच्छादन रोपाच्या खोडाला चिकटवू नका, चार बोटं मोकळी बांगडी ठेवा. नाहीतर वाळवी आणि बुरशी थेट सालीवर चढतात. कच्चं शेण खड्ड्यात घातलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) ओढवून घ्याल, पूर्ण कुजलेलंच वापरा.

सगळ्यात जास्त चूक होते छाटणीत. हिरवंगार गिरिपुष्प कापायला हात धजत नाही आणि दोन वर्षांत आंबा सावलीत काटकुळा होतो. दुसऱ्या पावसाळ्यात झाड डोक्यावर गेलं की तीन फुटांवर तिरका छाट द्या. मग दरवर्षी जून, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये छाटा. जाड फांद्या खाली, पाला वर, असं आंब्याच्या आळ्याभोवती रचा. उन्हाळ्यात कोयता लावू नका, तेव्हा सावलीच हवी असते.

शेळ्यांचा बंदोबस्त पेरणीआधीच करा. शेवग्याचे कोंब त्या एका दुपारीत संपवतात.