परदेशातली वस्तू प्लगला लावायच्या आधी
आमच्या इंदिरानगरच्या मावशींनी लेकीने अमेरिकेहून आणलेला हेअर ड्रायर अडॅप्टर लावून चालू केला आणि दोन सेकंदांत जळका वास, संपलं. पिन बसली म्हणजे वस्तू चालेलच असं नाही हो, तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०, जपानमध्ये तर १००च, आणि व्होल्टेज दुप्पट झालं की कॉइल जवळजवळ चौपट तापते. म्हणून आधी बारीक अक्षरातलं लेबल वाचा, १००-२४० लिहिलं असेल तर नुसता अडॅप्टर पुरतो, मोबाईल-लॅपटॉपचे चार्जर बहुतेक असेच असतात. फक्त १२० असेल तर थेट लावूच नका. व्होल्टेज कमी करून देणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण १५०० वॅटच्या ड्रायरला लागणारा खूप जड नि महाग, त्यापेक्षा सरळ मेनरोडवरून इथलाच ड्रायर घ्या.